आईच्या उशाशी काढलेले दिवस

प्रश्न : माझे यजमान ब्रिटिश नागरिक आहेत. मला गेल्या वर्षी इथे कायम राहण्याची परवानगी, म्हणजे आयएलआर मिळाली. यंदा आईच्या आजारपणामुळे ५ जानेवारीला साताऱ्याला गेले, ती २८ एप्रिलला परतले. मैत्रीण म्हणते, ९० दिवसांची मर्यादा मोडली, आता नागरिकत्वासाठी तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. खरं आहे का? दिवाळीत आईला भेटायला जाऊ की नको?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : दिवाळीला जरूर जा. काहीही पुन्हा पहिल्यापासून मोजायचं नाही.

१९८१ च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी अ‍ॅक्टप्रमाणे नागरिकाच्या जोडीदाराला अर्जाच्या आधीची तीन वर्षं ब्रिटनमध्ये राहिल्याचं दाखवावं लागतं. इतरांना पाच. या तीन वर्षांत बाहेर काढलेले दिवस २७० पेक्षा जास्त नकोत आणि शेवटच्या बारा महिन्यांत ९० पेक्षा जास्त नकोत. यजमान किती दिवस बाहेर होते, याचा इथे संबंध नाही. पुष्कळांच्या डोक्यात १८० चा आकडा बसलेला असतो, पण तो नोकरीच्या व्हिसावरून आयएलआरकडे जाणाऱ्यांचा. तुमच्या अर्जाशी त्याचा संबंध नाही.

ही तीन वर्षं आणि हे बारा महिने अर्जाच्या तारखेपासून मागे मोजतात. तारीख पुढे गेली की जुने दिवस आपोआप गळतात. मैत्रिणीच्या ध्यानात आलं नाही ते हेच, आणि अर्जाची तारीख तर तुमच्याच हातात आहे.

आता दिवस मोजू. निघाल्याचा आणि पोचल्याचा दिवस गैरहजेरीत धरत नाहीत. मुंबईहून पहाटे निघून त्याच दिवशी हीथ्रोला उतरलात, तर तो दिवस ब्रिटनचाच. म्हणून तुमची गैरहजेरी ६ जानेवारी ते २७ एप्रिल, ११२ दिवस. दिवाळीचे समजा १८ धरले, की १३०. मर्यादेत यायला ४० गळायला हवेत, आणि ते १४ फेब्रुवारीला पुरे होतात. त्यानंतर अर्ज करा. मी तर आणखी एक आठवडा हाताशी ठेवीन, कारण आईच्या तब्येतीवर विमानाचं तिकीट अवलंबून असतं. दिवाळीला गेला नाहीत, तर जानेवारीच्या अखेरीसच मोकळ्या व्हाल. आधीच्या दोन वर्षांतल्या फेऱ्याही मिळवून बेरीज २७० च्या आत आहे ना, तेवढं बघा.

तारीख ठरवताना आणखी एक गोष्ट पाहा. तीन वर्षांच्या पहिल्या दिवशी तुम्ही प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये असायला हव्यात. १६ फेब्रुवारीला अर्ज केलात, तर तीन वर्षांपूर्वीच्या १७ फेब्रुवारीला. तेव्हा माहेरी होतात, तर परतल्यानंतरचा दिवस धरून अर्ज पुढे ढकला. ब्रिटनमधून निघताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही, म्हणून मुंबई विमानतळावरचे शिक्के आणि बोर्डिंग पास जपून ठेवा.

थोडे दिवस जास्त झाले, तर गृहखात्याला सवलतीचा अधिकार आहे. साधारण ३०० आणि १०० पर्यंत ते कानाडोळा करतात. त्यापुढे घरदार, नोकरी ब्रिटनमध्येच असल्याचं पटवावं लागतं. तुम्ही आज अर्ज केलात तर त्याच गटात पडाल. अर्ज नाकारला गेला तर शुल्क परत मिळत नाही, म्हणून माझं मत थांबण्याचंच आहे.

आई आजारी आहे, म्हणून न विचारलेलं एक सांगते. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ब्रिटिश नागरिकत्वाचा शपथविधी झाला की भारतीय पासपोर्टवर प्रवास करता येत नाही, तो जमा करावा लागतो. मग ब्रिटिश पासपोर्ट हाती येईपर्यंत साताऱ्याची वाट बंद. त्यानंतरही ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं कार्ड मिळेपर्यंत व्हिसा लागतो. तेव्हा शपथविधीच्या तारखा समोर आल्या, की आईच्या डॉक्टरांशी बोलूनच त्यातली एक घ्या, आणि ब्रिटिश पासपोर्टचा अर्ज त्याच आठवड्यात टाका.