मोटेपासून ठिबकापर्यंत

खेड्यातील मळे पूर्वी उजाडण्याआधीच जागे होत असत. बैलांची जोडी धावेवरून उतरू लागली, म्हणजे मोटेचे चाक कुरकुरे. चामड्याची मोट भरून वर येई आणि थारोळ्यात पाण्याचा लोट कोसळे. ते पाणी पाटातून खळाळत वाफ्यांत शिरे. दिवसभर राबूनही थोडेच रान भिजे. बैल थकले, की मोट थांबे. परंतु मोट थांबली, म्हणजे विहिरीलाही विसावा मिळे. रात्रभर झरे पाझरत आणि सकाळी विहिरीत पुन्हा पाणी चढलेले दिसे.

कालांतराने विहिरीवर तेलाचे इंजिन आले व त्यामागून विजेचा पंप आला. मुक्या जनावरांचे कष्ट वाचले. जे काम करावयास बैलजोडीला सारा दिवस लागे, ते अल्पावधीत होऊ लागले. जेथे केवळ ज्वारी-बाजरी पिके, तेथे ऊस, केळी व द्राक्षे डोलू लागली. शेतकऱ्याच्या घरी चार पैसे आले. यंत्राचे हे ऋण आपण मान्य केलेच पाहिजे.

परंतु पंपाला थकवा ठाऊक नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बसाल्ट नावाच्या कठीण काळ्या खडकाचा आहे. त्याच्या भेगांत मुरेल तेवढेच पाणी साठते. झरे भरून येण्याआधीच उपसा होऊ लागला, तेव्हा विहिरी आटल्या. मग शेकडो फूट खोल विंधनविहिरी खोदल्या गेल्या; त्यांतील कित्येक कोरड्या पडल्या.

पाण्याच्या अशाच विवंचनेतून एका दूरच्या देशात निराळी युक्ती जन्मास आली. इस्राएलमधील सिम्हा ब्लास या जलअभियंत्याने एकदा एक झाड शेजारच्या झाडांहून फार मोठे वाढलेले पाहिले. शोध घेता, जमिनीखालच्या नळातून त्याच्या मुळाशी थेंब थेंब पाणी गळत असल्याचे आढळले, असे सांगतात. या निरीक्षणातून पुढे ठिबक सिंचनाची पद्धत सिद्ध झाली. १९६५ साली त्या देशात ठिबकनळ्यांचा कारखाना निघाला. आज जळगावच्या केळीबागा, नाशिकचे द्राक्षमळे आणि सोलापूरच्या डाळिंबबागा अशाच नळ्यांतून आपली तहान भागवितात. पाणी पाटात मुरत नाही, उन्हाने फारसे उडून जात नाही. ते नेमके मुळाशी पोहोचते.

मग प्रश्न सुटला काय? वाचलेल्या पाण्यावर लोभाने आणखी दोन एकर ऊस लावला, तर ठिबक असूनही विहीर आटते. नळी पाण्याची नासाडी थांबवू शकते; पीक कोणते घ्यावे व किती घ्यावे, हे ती सांगत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने हे ओळखले. गावकऱ्यांनी डोंगरउतारावर चर खणून पावसाचे पाणी अडविले. पाऊस व भूजल मोजून, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून, ते पिके ठरवू लागले. शेतीसाठी विंधनविहीर घ्यावयाची नाही, असा निर्बंध त्यांनी स्वतःवर घालून घेतला. पूर्वी विहिरीला विसावा मिळे तो बैलांच्या थकव्यामुळे. आता तो माणसाने आपल्या विवेकाने द्यावयाचा आहे.

स्वाध्याय

१. मोट थांबल्याने विहिरीस कोणता लाभ होत असे?
२. ठिबक असूनही विहीर का आटू शकते?
३. आपल्या गावातील पाण्याचा ताळेबंद कसा मांडाल, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.