ओकची पाने आणि हरणांचे शेत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पूर्वेकडे ओक वृक्षांची मोठमोठी अरण्ये आहेत. या अरण्यांच्या कडेला तेथील काही जमीनमालक एक निराळेच शेत करतात. त्यात ते गहू, ओट किंवा क्लोव्हर पेरतात. परंतु त्याची कापणी कोणी करीत नाही. हरणांनी व रानटर्की पक्ष्यांनी यावे आणि चरून जावे, एवढ्याचसाठी ते पेरलेले असते. असे शेत करणारे पुष्कळजण शिकारी असतात, हेही खरे.

क्लोव्हर ही आपल्या मेथीच्या कुळातील, तीन-तीन पानांची नाजूक वनस्पती. उन्हाळ्याच्या अखेरीस पेरलेली तिची रोपे बोटभर वाढतात न वाढतात, तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानगळ सुरू होते. ओकची पाने चामड्यासारखी चिवट असतात. हिरड्यात असते तसले टॅनिन नावाचे तुरट द्रव्य त्यांत असल्यामुळे ती लवकर कुजत नाहीत. पावसात भिजली म्हणजे ती एकमेकांना चिकटतात आणि शेतावर जणू घोंगडेच पसरते. त्याखाली सूर्यप्रकाशावाचून रोपे मरून जातात. म्हणून दंताळ्याने किंवा वाऱ्याचा झोत सोडणाऱ्या यंत्राने पाने दूर करावी लागतात, आणि तीही दोन-तीनदा. कारण सारे ओक एकाच वेळी पाने टाकीत नाहीत. काढलेली पाने मात्र जाळू नयेत. ती रानात लोटावीत. तेथे त्यांच्याखाली भुंगेरे, सॅलमँडर आणि पतंगांचे कोश हिवाळा काढतात.

मग त्रास देणारा ओकच का तोडू नये? याचे उत्तर त्याच्या फळात आहे. हे फळ सुपारीएवढे असून त्याच्या बुडाशी इवलीशी वाटी असते. ही फळे पडू लागली की हरणे हिरवेगार शेत सोडून ओकखाली धावतात. १९०४ साली न्यू यॉर्कमध्ये प्रथम आढळलेल्या रोगाने पुढील पन्नासएक वर्षांत चेस्टनटचे मोठे वृक्ष बहुतेक नाहीसे केले; तेव्हापासून ओकफळांचे मोल अधिकच वाढले.

पांढऱ्या ओकचे फळ कमी तुरट असते. ते त्याच वर्षी पिकते व पडताच रुजू लागते. खार मोठी धूर्त! हे फळ पुरण्यापूर्वी ती त्यातला अंकुरच कुरतडून टाकते. तांबड्या ओकचे फळ पिकायला दोन वर्षे लागतात. वसंतात हिम पडून मोहोर जळाला, तर पांढऱ्या ओकला त्या वर्षी फळ येत नाही. तांबड्यावर मात्र आदल्या वर्षी धरलेले फळ असू शकते. म्हणून रानात दोन्ही जाती हव्यात.

शिवाय सर्वच ओक सारखे फळत नाहीत. जाणते मालक ऑगस्टमध्ये दुर्बिणीतून शेंडे न्याहाळतात, भरघोस फळलेल्या झाडांवर रंगाची खूण करतात, आणि त्यांचे ऊन अडविणारे मेपलसारखे वृक्ष तेवढे तोडतात. पांढरा ओक भरपूर फळू लागायला सुमारे ५० वर्षे लागतात. चुकीच्या खोडावर कुऱ्हाड पडली, तर तितकी वर्षे वाट पाहावी लागते.