घारापुरीची जलयात्रा

वर्धा जिल्ह्यातील नाचणगाव हे पुलगावला लागून वसलेले गाव. येथून समुद्र शेकडो मैल दूर. जवळून वाहणारी वर्धा नदी सातपुड्यात मुलताईच्या परिसरात उगम पावते, वैनगंगेस मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागरास जाते. त्याच मुलताईत उगम पावणारी तापी मात्र पश्चिमेची वाट धरते. भूगोलात वाचलेला तो पश्चिम समुद्र एकदा डोळ्यांनी पाहावा, म्हणून गावातील चार महाविद्यालयीन मित्र एका शुक्रवारी रात्री पुलगावहून आगगाडीने मुंबईस निघाले.

शनिवार मुंबई पाहण्यात गेला. भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात त्यांनी एक दगडी हत्ती पाहिला. हा मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटास ‘एलिफंटा’ हे नाव दिले. इंग्लंडला नेण्यासाठी उचलीत असता १८६४ साली तो भंगला. पुढे त्याचे तुकडे जोडण्यात आले.

रविवारी सकाळी गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून ते लाँचमध्ये बसले. बेटापर्यंतचा प्रवास सुमारे तासाभराचा. लाँच सुटण्यापूर्वी तांडेलाने सर्वांस लाइफ जॅकेट घालावयास सांगितले. चौघांतील एक पट्टीचा पोहणारा होता. तो म्हणाला, “काका, मी पावसाळ्यातली वर्धा पोहून गेलो आहे. मला याची काय गरज?”

तांडेल शांतपणे म्हणाला, “बाळा, नदीला दोन काठ असतात. इथे काठ कुठे दिसतो, सांग बरं!” मग त्याने १८ डिसेंबर २०२४ ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी घारापुरीकडे जाणाऱ्या एका प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. “त्या दिवशी समुद्राचा काही दोष नव्हता,” तांडेल म्हणाला. पोहणाऱ्या मित्राने मुकाट्याने जॅकेट चढविले व त्याचे बंद घट्ट बांधले.

बेटावर उतरून, सुमारे १२० पायऱ्या चढून मित्र मुख्य लेण्यात आले. बाहेरच्या उन्हातून आत येताच प्रथम काहीच दिसेना. मग अंधारातून हळूहळू सदाशिवाची अठरा-वीस फूट उंचीची भव्य त्रिमुखी मूर्ती प्रकट झाली. सहाव्या शतकातील ही लेणी अखंड कातळात खोदलेली आहेत. मूर्तीच्या एका बाजूस अर्धनारीश्वर, तर दुसऱ्या बाजूस गंगाधर शिव आहे. त्याच्या मस्तकावर उतरणारी गंगा पाहून नदीकाठच्या त्या मुलांचे हात आपोआप जोडले गेले.

परंतु अनेक मूर्तींचे हात, पाय तुटलेले होते. हे बेट १५३४ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले आणि त्यांच्या काळात शिल्पांची मोठी हानी झाली, हे ऐकून मित्र संतापले. तोच एकाचे लक्ष भिंतीकडे गेले. तेथे कोणी आपले, कोणी आपल्या गावाचे नाव कोरले होते.

“ही नावे काही पोर्तुगीजांची नाहीत,” तो म्हणाला.

सर्वांत धाकट्या मित्राच्या मुठीत एक किल्ली होती. ‘नाचणगाव’ ही अक्षरे येथे उमटवावीत, असे त्याच्या मनात होते. आपले गाव लहान. त्याचे नाव एवढ्या दूर कोण घेणार, असे त्याला वाटे. त्याने क्षणभर भिंतीकडे पाहिले आणि किल्ली खिशात टाकली.

परतताना त्यांनी बेटावरचे विजेचे खांब पाहिले. रोज काही तास जनित्रावर दिवे लावणाऱ्या घारापुरीच्या गावांस समुद्रतळातून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटरच्या केबलीने २०१८ साली वीज मिळाली, असे एका दुकानदार मावशींनी सांगितले. “पोरांनो, तुम्ही कुठले?” त्यांनी विचारले.

“नाचणगावचे,” धाकटा अभिमानाने म्हणाला.

युनेस्कोने १९८७ साली ही लेणी जागतिक वारसा म्हणून मान्य केली. त्या वारशाचे रक्षण केवळ पहारेकऱ्यांवर अवलंबून नसते. पाहावयास येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर अवलंबून असते. नाचणगावचे नाव त्या भिंतीवर उमटले नाही, यातच त्या गावाची शोभा आहे.