‘पण’ची करामत

उर्दूत तुम्ही ‘मगर’, ‘लेकिन’ हे शब्द रोज वापरता. मराठीत त्यांचे काम ‘पण’ हा शब्द करतो. दोन वाक्ये जोडणाऱ्या अशा शब्दाला उभयान्वयी अव्यय म्हणतात. ‘पण’ आहे दोनच अक्षरांचा. पण तो गोष्टीची दिशा बदलतो. कशी, ते पाहू.

अलेक्झांडर द्यूमा या फ्रेंच लेखकाची ‘द थ्री मस्केटियर्स’ ही कादंबरी १८४४ साली एका वर्तमानपत्रात क्रमशः प्रसिद्ध झाली. मस्केटियर म्हणजे राजाचा बंदूकधारी शिपाई. कथेची सुरुवात १६२५ सालात होते. दार्तान्यां नावाचा गरीब तरुण मस्केटियर होण्यासाठी पॅरिसला निघतो. त्याच्याजवळ शिफारसपत्र असते, पण ते वाटेत चोरीला जाते. पॅरिसमध्ये अ‍ॅथॉस, पोर्थॉस आणि अ‍ॅरामिस या तीन मस्केटियरांशी त्याचे भांडण होते. बारा, एक आणि दोन वाजता एकेकाशी तलवारीने लढायचे ठरते. तलवारी उपसल्या जातात, पण तेवढ्यात कार्डिनलचे पाच शिपाई त्यांना पकडायला येतात. कारण अशा द्वंद्वाला बंदी असते. दार्तान्यांला निघून जाण्याची मोकळीक मिळते, पण तो जात नाही. त्याच्या अंगावर मस्केटियरचा पोशाख नसतो, पण मन मस्केटियरचे असते. ज्यांच्याशी लढायचे, त्यांच्याच बाजूने तो लढतो. चौघांची मैत्री जमते.

आता वरील वाक्यांत ‘पण’ऐवजी ‘आणि’ घालून वाचा. गोष्टीतली गंमतच जाते! ‘आणि’ वाक्याला पुढे नेतो; ‘पण’ वाक्याला वळण देतो.

ही दोन वाक्ये पाहा :
(१) दार्तान्यां शूर आहे, पण तापट आहे.
(२) दार्तान्यां तापट आहे, पण शूर आहे.

शब्द तेच आहेत. तरीही पहिल्या वाक्यात तक्रार आहे, दुसऱ्यात कौतुक. ‘पण’नंतर येते तेच ऐकणाऱ्याच्या मनात राहते. म्हणून कोणाविषयी बोलताना ‘पण’ जपून वापरा. ‘तो गरीब आहे, पण प्रामाणिक आहे’ असे आपण सहज म्हणतो. जणू गरीब माणूस प्रामाणिक नसतोच! येथे ‘आणि’ म्हटले, तर कोणाचाही अपमान होत नाही.

लक्षात ठेवा : ‘मीपण येतो’ या वाक्यातला ‘पण’ म्हणजे उर्दूतला ‘भी’. ‘मोठेपण’ या शब्दातला ‘पण’ हा प्रत्यय आहे. ‘बचपन’ या शब्दातल्या ‘पन’सारखा.

स्वाध्याय
१. दार्तान्यां पॅरिसला का निघाला?
२. ‘पण’ वापरून वाक्ये जोडा : (अ) पाऊस आला. आम्ही खेळत राहिलो. (आ) रस्ता लांब होता. तो थकला नाही.
३. तुमच्या मित्राविषयी ‘पण’ असलेले एक वाक्य लिहा. त्याचा क्रम उलटा करा. अर्थात काय फरक पडला, ते सांगा.