इंग्रजी सर्वनामांचे अध्यापन आणि मुलांची बोली : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकवला जाऊ लागला. तत्पूर्वी तो पाचवीत सुरू होत असे. पाचवीतील मुलाला मराठी व्याकरणाचा थोडाफार परिचय झालेला असे. पहिलीतील मुलाजवळ मात्र घरची बोली एवढेच भाषिक भांडवल असते. अशा मुलाकडून 'आय म्हणजे मी, वी म्हणजे आम्ही, ही म्हणजे तो, शी म्हणजे ती, इट म्हणजे ते' असा तक्ता पाठ करून घेण्याची पद्धत रूढ आहे. हा तक्ता वरवर निर्दोष वाटतो. परंतु त्यात दोन भाषांच्या व्यवस्थांमधील भेद झाकला जातो आणि मुलांच्या अनेक चुकांचे मूळ तेथेच असते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. लिंगविचार

शालेय व्याकरणात मराठीची मूळ सर्वनामे नऊ मानली जातात. त्यांपैकी तो, हा आणि जो ही तीन लिंगानुसार बदलतात. हा बदल नामाच्या व्याकरणिक लिंगावर अवलंबून असतो. इंग्रजीत 'ही' आणि 'शी' यांची निवड सामान्यतः व्यक्तीच्या नैसर्गिक लिंगावरून होते. निर्जीव वस्तूंसाठी 'इट' योजले जाते. यवतमाळच्या शेतातील उदाहरण घेतले तर कापूस 'तो', पऱ्हाटी 'ती' आणि बोंड 'ते'. एकाच पिकाच्या परिसरात मुलाला तिन्ही लिंगे भेटतात. इंग्रजीत या तिघांनाही 'इट' हे एकच सर्वनाम लागते. तक्ता पाठ असलेले मूल पऱ्हाटीला 'शी' म्हणते, तेव्हा ते तक्त्याचे काटेकोर पालनच करीत असते. उलटपक्षी, 'लेकरू' हा शब्द नपुंसकलिंगी असल्यामुळे झोपलेल्या भावालाही ते 'इट' म्हणण्याचा संभव असतो.

२. पुरुष आणि आदर

'आपण बाजाराला जाऊ' आणि 'आम्ही बाजाराला जाऊ' या वाक्यांत ऐकणाऱ्याला सोबत घेतले आहे की वगळले आहे, हे मराठी मूल अचूक ओळखते. इंग्रजी 'वी' हा भेद दाखवीत नाही. तू, तुम्ही आणि आदरार्थी आपण यांच्या जागीही एकटा 'यू' उभा राहतो. वडिलांविषयी बोलताना मराठीत आदरार्थी बहुवचन येते : 'बाबा वावरात गेले, ते संध्याकाळी येतील.' त्याला अनुसरून मूल वडिलांसाठी 'दे' वापरते. हे अज्ञान नव्हे. तो घरी मिळालेला संस्कार आहे. येथे 'ही' वापरल्याने अनादर होत नाही, इंग्रजीत आदर सर्वनामाच्या वचनातून व्यक्त होत नाही, एवढे शिक्षकाने स्पष्ट सांगितले की मुलाचा संकोच दूर होतो.

३. ध्वनिसाम्य आणि विभक्ती

इंग्रजी सर्वनामे कानांवर पडतात तेव्हा त्यांतील काही मराठी शब्दच वाटतात. 'ही' हे इंग्रजीत पुल्लिंगी, तर मराठीत स्त्रीलिंगी. 'दे' म्हणजे देण्याची आज्ञा. 'शी' ऐकताच वर्ग हसतो. 'माय' म्हणजे वऱ्हाडीत आई. सर्वांत अडचणीचा शब्द 'मी' : मराठीत तो कर्ता, इंग्रजीत कर्म. त्यामुळे मराठी 'मी' साठी 'आय' आणि वऱ्हाडी 'मले' साठी 'मी' असे उलटे समीकरण मुलाला लक्षात ठेवावे लागते. तेही सर्वत्र टिकत नाही. 'त्यानं मले पुस्तक देल्लं' येथे 'मले' चे 'मी' होते. पण 'मले भूक लागली' येथे 'आय' च हवा. मराठीत भुकेचा अनुभव घेणारा चतुर्थीत येतो, इंग्रजीत तो कर्ता होतो. वाक्यरचनेतील हा फरक शब्दार्थाच्या तक्त्यात दाखवता येत नाही.

'आपला' या रूपाचेही तसेच. 'रामनं आपलं दप्तर आणलं' या वाक्यात दप्तर रामचेच आहे, याविषयी शंका राहत नाही. 'आपला म्हणजे अवर' एवढेच शिकलेले मूल रामचे दप्तर सर्वांचे करून टाकते. येथे 'हिज' हवे.

४. कोलामी भाषक मुले

केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी आदी तालुक्यांतील कोलाम मुलांच्या बाबतीत प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. कोलामी ही द्राविडी कुलातील भाषा. एमेनो यांचा तिच्यावरील ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. या भाषेत तृतीय पुरुषी एकवचनात पुरुष एका वर्गात, तर स्त्रिया, प्राणी आणि वस्तू दुसऱ्या वर्गात मोडतात. त्यामुळे 'शी' आणि 'इट' यांमधील सीमारेषा या मुलाला नव्याने शिकावी लागते. मराठी मूल आणि कोलाम मूल दोघेही पऱ्हाटीला 'शी' म्हणू शकतील. पहिल्याच्या चुकीचे कारण नामाचे लिंग, दुसऱ्याच्या चुकीचे कारण भाषेतील वर्गवारी. चूक एक, कारणे दोन. म्हणून उपायही दोन. शिवाय मराठी ही या मुलाची शाळेत भेटलेली दुसरी भाषा असते. इंग्रजी तक्त्याचे मराठी अर्थ त्याला आधार देतातच असे नाही.

५. अध्यापनाची दिशा

या विवेचनावरून काही सूचना करता येतील. पहिली, सर्वनामे सुटी न शिकवता वाक्यातून आणि प्रत्यक्ष कृतीतून शिकवावीत. बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो, अशी तीन मुले उभी करून त्यांच्या जागा बदलल्या की 'आय' आणि 'यू' ही नावे नसून भूमिका आहेत, हे मुलाला उमगते. दुसरी, 'व्यक्ती की वस्तू' हा प्रश्न आधी आणि 'पुरुष की स्त्री' हा नंतर विचारावा. तिसरी, 'आय' आणि 'मी' यांच्या जोड्या 'मी–मले' च्या वाक्यांसमोर ठेवून शिकवाव्यात. भूक, तहान, आवड यांची वाक्ये वेगळी घ्यावीत. चौथी, चुकीच्या उत्तरावर फुली मारण्यापूर्वी ते कोणत्या नियमातून आले, हे पाहावे.

हे सर्व करण्यासाठी शिक्षकाला इंग्रजीइतकेच मुलाच्या बोलीचे व्याकरण माहीत असणे आवश्यक आहे, आणि येथे मराठी विभागांची जबाबदारी सुरू होते. बोलींचा अभ्यास शब्दसंग्रह आणि लोकगीते यांपुरता न ठेवता जिल्ह्यातील वऱ्हाडी, कोलामी, गोंडी आणि बंजारा बोलींतील सर्वनामव्यवस्थेची वर्णने शिक्षकांच्या हाती देणे, हे पदव्युत्तर संशोधनाला सहज पेलणारे काम आहे. ते न झाल्यास पहिलीतील मूल आपल्या भाषेचा नियम पाळल्याबद्दल मंद ठरत राहील.