परदेशी शहरात फटफटी चालवताना

पूर्वी गावात एखादी फटफटी आली की पोरे तिच्यामागे धावत. आता ती घरोघरी उभी असते. दुधाचे कॅन, खताची पोती, शाळेची मुले, सारे तिच्यावरून जाते. आपली मुले कामासाठी परदेशी जातात. तिथेही कित्येकांच्या हाती हेच वाहन येते. म्हणून आज आपण एका परदेशी शहराची माहिती घेऊ. एवढ्या गर्दीत तिथली माणसे जीव कसा सांभाळतात ते पाहू.

आपल्या देशाच्या पूर्वेला व्हिएतनाम हा देश आहे. त्याच्या दक्षिण भागात सैगॉन हे मोठे शहर आहे. १९७६ साली त्याचे नाव बदलून हो चि मिन्ह असे ठेवले. पण लोक अजून सैगॉनही म्हणतात. या एका शहरात सत्तर लाखांहून अधिक मोटारसायकली आहेत. सकाळी कामाच्या वेळी रस्ता दिसत नाही, नुसती डोकी दिसतात. नवा माणूस म्हणतो, "यातून मी पार कसा होणार?" पण तिथले लोक रोज पार होतात. त्यांची रीत समजून घेऊ या.

बाजू ओळखा

आपल्याकडे वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. व्हिएतनाममध्ये उजव्या बाजूने चालते. दुबई, कतार, सौदी अरेबिया इथेही तसेच आहे. ही गोष्ट डोक्याला लगेच कळते, पण हाताची सवय लवकर जात नाही. गर्दीत फारशी चूक होत नाही, कारण आपण पुढच्याच्या मागे जातो. खरा धोका रिकाम्या रस्त्यावर असतो. पहाटे गल्लीतून बाहेर पडताना किंवा पेट्रोल पंपावरून निघताना माणूस सवयीने डावी बाजू धरतो. तेवढ्यात समोरून ट्रक येतो! म्हणून गाडी सुरू करण्याआधी दर वेळी स्वतःशी म्हणावे, "माझी बाजू उजवी." पायी रस्ता ओलांडतानाही आधी डावीकडे पाहावे. पहिली गाडी तिकडूनच येते.

एकसारखे चाला

सैगॉनमध्ये पायी रस्ता ओलांडणारा माणूस धावत नाही. तो सावकाश, एकाच चालीने जातो. फटफट्या त्याच्या दोन्ही अंगांनी वळसा घालून निघून जातात. तो घाबरून एकदम मागे फिरला, तर मात्र घात होतो. का बरे? गर्दीत प्रत्येक जण दुसऱ्याच्या चालीवरून आपली वाट ठरवतो. चाल एकाएकी बदलली की त्याचा अंदाज चुकतो.

गाडी चालवणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे. वळायचे असेल तर पुष्कळ आधी आरशात पाहा. मागे एक नजर टाका. वळणाचा दिवा लावा. मग हळूहळू त्या बाजूला सरका. एकदम आडवे घुसू नका. वळण चुकले तर चुकू द्या. पुढच्या चौकातून परत या. दहा मिनिटे जातील, पण हातपाय शाबूत राहतील.

अंतर ठेवा

ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर, म्हणजे सुमारे ३६ फूट जाते. समोरचे संकट दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ३६ फूट संपले! शिवाय वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागते.

एक सोपी खूण सांगतो. पुढची गाडी विजेच्या खांबापाशी पोचली की सावकाश म्हणा, "एकशे एक, एकशे दोन." म्हणणे पुरे होण्याआधी तुम्ही खांबापाशी पोचलात, तर तुम्ही फार जवळ आहात. दाट गर्दीत एवढे अंतर मिळत नाही. मग वेग कमी करावा. थांबताना दोन्ही ब्रेक बेताबेताने दाबावेत. पावसात रस्त्यावरचे रंगाचे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणे निसरडी होतात. त्यांच्यावर ब्रेक दाबू नये.

ट्रकपासून दूर राहा

उसाची ट्रॉली वळताना तुम्ही पाहिली असेल. पुढचे चाक बाहेरून जाते, पण मागचे चाक आत येते. लांब ट्रकचे आणि बसचेही तसेच असते. व्हिएतनाममध्ये ट्रक उजवीकडे वळू लागला आणि तुम्ही त्याच्या उजव्या अंगाला असलात, तर ते मागचे चाक तुमच्यावर येते. त्या जागेवरचा माणूस चालकाला दिसतही नाही. हे ध्यानात ठेवा : तुम्हाला चालकाचा आरसा दिसत नसेल, तर चालकाला तुम्ही दिसत नाही.

डोके झाका, नियम पाळा

सैगॉनमध्ये पूर्वी हेल्मेट घालणारे थोडे होते. १५ डिसेंबर २००७ रोजी साऱ्या देशात, सर्व रस्त्यांवर त्याची सक्ती झाली. चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही. एका दिवसात रस्त्याचे रूप पालटले. पण काही जण टोपीसारखे पातळ, स्वस्त हेल्मेट घेत. ते दंड वाचवते, डोके वाचवत नाही. चांगले हेल्मेट घ्यावे आणि हनुवटीखालचा पट्टा आवळून लावावा. पट्टा सैल असला तर पडताना ते आधीच उडून जाते.

२०२० पासून तिथे दारूचा थेंब घेऊनही गाडी चालवता येत नाही. २०२५ पासून लाल दिवा मोडण्याचा दंडही कितीतरी पटींनी वाढला आहे. परक्या देशात परवाना कोणता चालतो, हेही गाडीला हात लावण्याआधीच विचारून घ्यावे.

घाईचा हिशेब

घरोघरी माल पोचवणाऱ्या मुलांना सारखी घाई असते. "लवकर पोच" असा निरोप येतो. अशा वेळी एक हिशेब करावा. पाच किलोमीटर वाट ताशी ३० च्या वेगाने १० मिनिटांत संपते. ताशी ४० च्या वेगाने साडेसात मिनिटांत. वाचली किती? अडीच मिनिटे. शहरात पुढचा लाल दिवा तीही खाऊन टाकतो. या अडीच मिनिटांसाठी जीव पणाला लावायचा का? तुमचा मुलगा किंवा भाऊ परदेशी असेल, तर पुढच्या वेळी फोनवर पगाराबरोबर हेही विचारा : "हेल्मेटचा पट्टा लावतोस ना?"

प्रश्न
१. रिकाम्या रस्त्यावर बाजू चुकण्याचा धोका जास्त का असतो?
२. वळण्याआधी कोणत्या गोष्टी कराव्यात?
३. तुमच्या गावच्या चौकात यांतले कोणते नियम मोडले जातात? घरातल्या माणसांशी बोला.