मुलाला जर्मनीत शिकायला पाठवताना : पैशाआधी तारखा

कापडवाल्यांच्या घरची मुले हल्ली जर्मनीचे नाव घेऊ लागली आहेत. कारण उघड आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. दर सत्राला शंभर ते साडेतीनशे युरोची वर्गणी भरली की झाले. मात्र हे सगळीकडे लागू नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या मुलांकडून २०१७ पासून सत्राला १,५०० युरो घेतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी लावली आहे. तसेच निव्वळ बारावीवर थेट प्रवेश बहुधा मिळत नाही. इथे पदवी घेऊन पुढच्या शिक्षणाला जाणे सोयीचे.

आमच्या पुतण्याने टेक्स्टाइलची पदवी घेऊन म्योन्शनग्लाडबाखला जायचा इरादा केला. हे कापडाचे जुने शहर. तिथल्या नीडरऱ्हाईन हॉखशूलमध्ये वस्त्रोद्योगाचा स्वतंत्र विभाग आहे. घरात व्याजाचे कर्ज कोणाला नको होते, म्हणून भावाने सुतवाल्याचे देणे दोन महिने पुढे ढकलून रक्कम उभी केली. प्रवेशपत्रही आले. पण एजंटने एक कागद "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवला होता, तो एपीएसचा दाखला. आपल्या गुणपत्रिका तपासून मिळणारा हा दाखला १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी सर्वसाधारणपणे सक्तीचा झाला आहे. तो हाती येईपर्यंत सत्र सुरू झाले, जागा गेली, आणि सुतवाल्याने पुढचा माल रोखीनेच दिला. आमची तालीम उर्दू शाळेतली; इंग्रजी कागद दुसऱ्याकडून वाचून घेतले, आणि तिथेच फसलो.

आपण ईदचा माल ईदच्या महिन्यात मागवत नाही. इथेही उलटा हिशेब करावा. हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. अर्जाची शेवटची तारीख अनेक ठिकाणी १५ जुलै, पण इंग्रजीतून चालणाऱ्या वर्गांची पुष्कळदा बरीच आधी असते. त्यामुळे एपीएसचा अर्ज आणि इंग्रजीची परीक्षा आदल्या वर्षीच उरकावी. अनेक विद्यापीठे अर्ज 'युनि-असिस्ट' या संस्थेमार्फत घेतात. तिथे कागद तपासायलाच काही आठवडे जातात. मग व्हिसाच्या भेटीची रांग वेगळी.

गुणांचा भावही आधी काढून पाहावा. तिथे १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे काठावर पास. शंभरपैकी ७० गुण आणि पास ४० ला असेल, तर शंभरातून ७० वजा करून उरले ३०. शंभरातून ४० वजा करून ६०. तीसला साठने भागून तीनने गुणले, त्यात एक मिळवला, की २.५ येतात. पुष्कळ वर्गांची अट नेमकी २.५ असते. म्हणजे आपल्याकडे ज्याला पेढे वाटतात, तो तिथे उंबरठ्यावरच उभा असतो.

आता रोकड. व्हिसासाठी वर्षाचा खर्च बंद खात्यात आगाऊ दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा ११,९०४ युरो झाला, महिन्याला ९९२. ही रक्कम फी नव्हे, मुलाचीच राहते. पण आपल्या धंद्यातून ती एकदम उठते. २०२५ च्या सुरुवातीला युरो नव्वद रुपयांच्या आत होता, वर्ष सरता शंभराच्या वर गेला. दहा रुपयांच्या फरकाने खर्च १ लाख १९ हजारांनी वाढतो. म्हणून युरोचा भाव दहा टक्के चढा धरूनच गणित मांडावे. बँकेने पैसे पाठवताना टीसीएस कापला तर पावती जपावी. तो विवरणपत्रात वळता होतो. केंद्राच्या 'पढो परदेश' व्याजसवलतीची आशा काहीजण अजून धरून आहेत. ती योजना २०२२-२३ पासून बंद झाली.

मुलाच्या मजुरीवर वर्षाचा खर्च काढण्याचा बेत कोणी करू नये. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस कामाची मुभा आहे, पण काम मिळेलच असे नाही, आणि जर्मन न येणाऱ्याला तर कठीणच.

पुतण्या पुढच्या वर्षी गेला. तिथे उतरल्यावर घरमालकाने अनामत मागितली. कायद्याने ती तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते, आणि बंद खात्यातून तर महिन्याचे ९९२ च निघतात. ही अनामत बंद खात्याबाहेर, वेगळी बांधून द्यावी.